सर्व्हरची शाकारणी

दाखला काढायला गेलेल्या माणसाला खिडकीतून ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढं ऐकू आलं की तो पुढचं काही विचारत नाही. कागदांची पिशवी काखेत मारतो आणि चहाच्या टपरीकडे वळतो. पाऊस लागला, गाडी लेट झाली, सर्व्हर डाऊन झाला. या तिन्ही गोष्टी आपण दैवाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. पण सर्व्हर बसतो तेव्हा त्यामागे कारण असतं, आणि ही कारणं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिलं कारण खऱ्या गर्दीचं. गणपतीला कोकणात यायचं तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी उघडायचं). त्या सकाळी आठच्या ठोक्याला मुंबई-ठाण्यातला निम्मा रत्नागिरी जिल्हा मोबाइल हातात धरून बसलेला असतो. सगळे खरे प्रवासी, सगळ्यांना खरंच गावी यायचंय, फक्त एकाच मिनिटाला. दुसरं कारण खोट्या गर्दीचं. तात्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून बॉटचे असतात, असं रेल्वेनेच २०२५ मध्ये सांगितलं होतं. तिथे हेतू तिकिटं पळवण्याचा असतो. सेवा बंद पाडण्याच्याच हेतूने अशी खोटी गर्दी सोडली तर तो हल्ला ठरतो.

तिसऱ्या कारणात गर्दी लागतच नाही. खिडकीशी एकच माणूस येतो, एक चिठ्ठी आत सरकवतो, आणि आतला कारकून त्या चिठ्ठीपायी दिवसभर उठत नाही. चिठ्ठी वरकरणी नियमात बसणारी असते. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये राहून गेलेल्या अशा दोषाला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’चा, म्हणजे सेवा अडवणारा दोष म्हणतात. त्यातून माहिती चोरीला जात नाही, पासवर्ड फुटत नाही. दुकान तेवढं बंद पडतं.

हा लेख या तिसऱ्या कारणाबद्दल आहे, कारण त्यावरचा उपाय आपल्या हातात असतो. गर्दी पेलायला पैसे लागतात. दोष दुरुस्त करायला बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. कोकणात मे अखेरीला घर शाकारतात, म्हणजे कौलं परतून, फुटकी बदलून, सरकलेली जागेवर बसवून घेतात. घर गळतं ते पाऊस जास्त पडला म्हणून नव्हे. कुठेतरी एक कौल सरकलेलं असतं म्हणून. सर्व्हरचंही तसंच असतं, हे एका खऱ्या दोषाच्या कहाणीतून पाहू.

करबुड्याच्या बोगद्यातली पीडीएफ

समजा, पावसच्या एका बागायतदाराने हापूस थेट विकण्यासाठी वेबसाइट काढली आहे. महिन्याच्या भाड्याने घेतलेला छोटासा सर्व्हर, २ जीबी मेमरी, त्यावर ‘अपाची’ नावाचं फुकट मिळणारं सर्व्हर सॉफ्टवेअर. साइटवर बागेचे फोटो, पेटीचे दर, आणि दरपत्रकाची एक पीडीएफ.

एक गिऱ्हाईक मुंबईहून कोकण रेल्वेने येता येता ती पीडीएफ उतरवून घेतंय. उक्षी स्टेशन गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, नेट गेलं. पीडीएफ साठ टक्क्यांवर अडकली. गाडी भोक्याच्या बाजूला बाहेर आली, नेट परतलं, आणि पीडीएफ पुन्हा पहिल्यापासून सुरू न होता साठ टक्क्यांवरून पुढे निघाली.

हे कसं जमतं? ब्राउझर सर्व्हरला मागणी पाठवतो तेव्हा तिच्यासोबत काही ओळी जोडतो. त्यांना हेडर म्हणतात. त्यातलं एक हेडर ‘रेंज’. त्यात लिहायचं: मला या फाइलचा सहा लाखाव्या बाइटपासून पुढचा भाग दे. सर्व्हर तेवढाच तुकडा कापून देतो आणि उत्तरावर २०६ हा आकडा टाकतो. २०६ म्हणजे ‘हा अर्धवट भाग आहे’. पूर्ण फाइल दिली तर आकडा २००. आणखी एक सोय अशी की एकाच मागणीत अनेक तुकडे मागता येतात: पहिली शंभर बाइट, मधली दोनशे, शेवटची पन्नास. जाडजूड ई-पुस्तकाची चारच पानं हवी असतील तर हे उपयोगी पडतं.

सोय चांगली होती. पण तुकडे किती मागायचे, आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा मागितले तर काय करायचं, हे अपाचीत ठरवून ठेवलेलं नव्हतं.

एका मागणीचा हिशेब

२० ऑगस्ट २०११ रोजी ‘किंगकोप’ हे टोपणनाव घेणाऱ्या एकाने एक छोटा प्रोग्रॅम जगजाहीर केला. तो अपाचीला अशी मागणी पाठवायचा: फाइलच्या पाचव्या बाइटपासून सहाव्यापर्यंतचा तुकडा दे, पाचव्यापासून सातव्यापर्यंतचा दे, पाचव्यापासून आठव्यापर्यंतचा दे. असं करत करत पाचव्यापासून १२९९ व्यापर्यंत. सुमारे १३०० तुकडे, सगळे एकमेकांवर चढलेले, आणि सगळे मिळून एका साध्या फाइलच्या पहिल्या दीड हजार बाइटच्या आतले.

आत काय व्हायचं ते समजायला आपला सातबारा बरा पडेल. एका गटाचे पोटहिस्से पाडायचे आहेत. पहिला वारस एक हद्द आखतो. दुसरा त्याच्या पुढे दुसरी. तिसरा तिसरी. प्रत्येकाला आपल्या हद्दीपर्यंतच्या सगळ्या पोटहिश्श्यांचा उतारा हवा. पहिल्याच्या उताऱ्यात एक ओळ, दुसऱ्याच्या दोन, शंभराव्याच्या शंभर, तेराशेव्याच्या तेराशे. जमीन तेवढीच, गुंठाभरही वाढलेली नाही. उतारे मात्र वाढत गेले. एकूण ओळी किती? १३०० ला १३०० ने गुणा आणि अर्धे करा: जवळपास साडेआठ लाख.

अपाची हेच करायचा. प्रत्येक नव्या तुकड्यासाठी फाइल नव्या जागी कापायची, आणि आतापर्यंत पडलेल्या सगळ्या कापांची नोंद मेमरीत नव्याने लिहायची. एका नोंदीला शंभर बाइट धरले तरी एका मागणीमागे ८० एमबीहून जास्त मेमरी खर्ची पडते. आपल्या बागायतदाराचा सर्व्हर २ जीबीचा. अशा पंचवीस मागण्या एकदम आल्या की मेमरी संपली.

मेमरी संपली की सर्व्हर लगेच मरत नाही, हे त्यातलं जास्त त्रासाचं. तो मेमरीचं काम डिस्कवर ढकलू लागतो. डिस्क मेमरीच्या मानाने फार संथ, त्यामुळे सगळंच रखडतं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चक्र फिरत राहतं. दुरुस्तीसाठी आत शिरू पाहणाऱ्या तंत्रज्ञालाही लॉगिन मिळत नाही, कारण तेवढीही मेमरी शिल्लक नसते. शेवटी लिनक्स, म्हणजे सर्व्हरची मूळ कार्यप्रणाली, स्वतःच एखादा मोठा प्रोग्रॅम मारून जागा करतं, आणि तो प्रोग्रॅम अनेकदा नेमका डेटाबेस असतो, म्हणजे ऑर्डरींची वही.

आता बाहेरची बाजू पाहा. १३०० तुकड्यांची ती यादी लिहायला ८ हजारांच्या आतबाहेर अक्षरं पुरतात. अपाचीत एका हेडरच्या लांबीवर मूळची मर्यादा होती, ८१९० बाइटची. यादी त्यात बरोबर मावत होती. म्हणजे चिठ्ठी किती लांब असावी याला नियम होता. त्या चिठ्ठीपायी आत किती काम निघावं याला नव्हता. हल्लेखोराचा खर्च आठ हजार बाइट, सर्व्हरचा आठ कोटी. एकास दहा हजार. सेवा अडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दोषाच्या मुळाशी हे प्रमाण असतं: मागणाऱ्याला स्वस्त, देणाऱ्याला महाग.

आधी ताडपत्री, मग कौल

त्या वेळी जगातल्या निम्म्याहून जास्त वेबसाइट अपाचीवर चालत होत्या. हत्यार बाजारात आलं होतं आणि दुरुस्ती तयार नव्हती. रेंजच्या या सोयीतून त्रास होऊ शकतो असा इशारा मिखाल झालेव्स्की या सुरक्षातज्ज्ञाने २००७ मध्येच दिला होता. चार वर्षं त्याकडे कोणी फारसं पाहिलं नव्हतं.

भर पावसात छप्पर गळायला लागलं तर कोणी कौलं परतायला चढत नाही. आधी ताडपत्री टाकतात. अपाचीच्या मंडळींनी २४ ऑगस्टला सूचनापत्र काढलं त्यात अशीच ताडपत्री होती. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दोन ओळी घाला: मागणीत पाचापेक्षा जास्त तुकडे दिसले तर रेंज हेडर काढून टाका. हेडर गेलं की सर्व्हर मुकाट्याने पूर्ण फाइल देतो, कापाकापीचा प्रश्नच उरत नाही. सूचनापत्रात स्पष्ट सांगितलं होतं की यामुळे काही ई-रीडर आणि व्हिडिओ प्लेअर अडखळू शकतील, कारण त्यांना खरोखरच जास्त तुकडे लागतात. ताडपत्रीने पाणी थांबतं, तसा उजेडही थोडा जातो.

दोनच दिवसांत कळलं की ताडपत्रीची एक बाजू उघडी राहिली आहे. जुन्या नेटस्केप ब्राउझरच्या काळात हेच काम ‘रिक्वेस्ट-रेंज’ नावाच्या दुसऱ्या हेडरने व्हायचं. ते ब्राउझर कधीच इतिहासजमा झाले होते, पण अपाची अजून त्या हेडरला ओळखत होता. पुढचा दरवाजा लावला आणि न्हाणीघराचा उघडा राहिला, तशी गत. सुधारित सूचनापत्रात तेही हेडर बंद करायला सांगितलं गेलं.

खरी दुरुस्ती आली ३० ऑगस्टला, अपाचीच्या २.२.२० या आवृत्तीत. तिच्यात मुख्यतः दोन गोष्टी होत्या. एक, कापाकापीची पद्धत बदलली; आधीच्या सगळ्या कापांचं ओझं पुढच्या तुकड्यावर पडेनासं झालं. दुसरी गोष्ट साध्या व्यवहारातली: मागितलेल्या सगळ्या तुकड्यांची बेरीज आधीच करून पाहायची, आणि ती मूळ फाइलपेक्षा मोठी भरली तर तुकड्यांची मागणी बाजूला ठेवून सरळ पूर्ण फाइल द्यायची. नारळाच्या वाट्या मागणारा एका नारळाच्या तीन वाट्या मागू लागला तर दुकानदार त्याला आख्खा नारळच देईल. तसंच हे.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १ सप्टेंबरला होती. म्हणजे आपल्याकडे ही दुरुस्ती आली ती हरतालिकेच्या आदल्या दिवशी. ज्यांच्या हाती सर्व्हर होते त्यातले काही तेव्हा मखराच्या कामात असतील, काही गावच्या गाडीत. पुढचे दहा दिवस त्यांच्या सर्व्हरवर ताडपत्री तरी होती का, यावर त्यांची साइट अवलंबून होती.

कहाणी तिथे संपत नाही. २.२.२० मधल्या दुरुस्तीने काही सरळ मागण्यांना नियमाबरहुकूम उत्तर मिळेना. सप्टेंबरच्या मध्याला, अनंत चतुर्दशी उलटल्यावर, २.२.२१ आली. तिने ती कसर काढली आणि सोबत एक नवी सेटिंग दिली: एका मागणीत जास्तीत जास्त किती तुकडे, ते सर्व्हरच्या मालकाने ठरवायचं; न ठरवल्यास २००. घाईत बसवलेलं कौल पुन्हा एकदा नीट बसवावं लागलं. यात कमीपणा काही नाही. अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. मात्र ‘पॅच लावला, झालं’ म्हणून वही मिटता येत नाही, हे त्यातून कळतं.

या दोषाला सीव्हीई-२०११-३१९२ असा क्रमांक आहे. सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक जाहीर सुरक्षा-दोषांना असा जागतिक क्रमांक मिळतो. गाव, भाषा, कंपनी वेगळी असली तरी सगळे एकाच दोषाबद्दल बोलतायत ना, हे त्याने कळतं.

आपल्या सर्व्हरवर पॅच चढवताना

आता बागायतदाराकडे परत येऊ. त्याचा सर्व्हर बघणारा कोणी तरुण आहे असं धरू. नव्या दोषाची बातमी आली की त्याने काय करायचं?

पहिलं काम यादीचं. आपल्याकडे नक्की काय काय चालू आहे? वेब सर्व्हर कोणता, डेटाबेस कोणता, पैसे घेण्याचा भाग कोणाचा, मेल कोण पाठवतं, आणि प्रत्येकाची आवृत्ती कोणती. ही यादी आधीच लिहून ठेवलेली असावी. दोषाची बातमी आल्यावर ‘आपल्याकडे हे आहे का’ इथून शोध सुरू झाला तर अर्धा दिवस तिथेच जातो. वर्षापूर्वी कोणीतरी चाचणीसाठी चालू केलेला आणि विसरलेला दुसरा सर्व्हर बहुतेक ठिकाणी असतो. यादीत तोही हवा.

दुसरं काम आवृत्ती ताडून पाहण्याचं, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. समजा, सूचनापत्र म्हणतं, दोष २.२.२० मध्ये दुरुस्त झाला. तरुण आपल्या सर्व्हरवर पाहतो तर आवृत्ती त्याहून जुनी. तो घाबरतो. पण डेबियन, रेड हॅट यांसारखी लिनक्सची वितरणं आवृत्तीचा मुख्य आकडा तसाच ठेवून फक्त दुरुस्तीचा भाग जुन्या आवृत्तीत आणून बसवतात, आणि आकड्याच्या शेपटाला तेवढी खूण वाढवतात. जुन्या घराचं नाव तेच, कौल नवं. म्हणून नुसता पुढचा आकडा पाहून निदान करू नये. आपल्या वितरणाच्या सुरक्षा पानावर सीव्हीई क्रमांक टाकून पाहावा. कोणत्या पॅकेजमध्ये दुरुस्ती आली ते तिथे लिहिलेलं असतं.

तिसरं काम ताडपत्रीचं. पॅच आलेला नसेल, किंवा आज लावता येत नसेल, तर सूचनापत्रातला तात्पुरता उपाय लगेच करायचा आणि तो केल्याची तारीख लिहून ठेवायची. तारीख अशासाठी की पॅच लागल्यावर ताडपत्री काढायची आठवण राहावी. नाहीतर तीन वर्षांनी कोणाचा तरी व्हिडिओ का अडखळतो याचा शोध घेताना ती दोन ओळींची सेटिंग सापडते, आणि ती कोणी कशासाठी घातली हे कोणालाच आठवत नाही.

चौथं, परतीची वाट. पॅच लावण्याआधी सर्व्हरची जशीच्या तशी प्रत घ्यावी. भाड्याचा सर्व्हर देणारे बहुतेक जण ‘स्नॅपशॉट’ची सोय देतात. जमत असेल तर पॅच आधी त्या प्रतीवर लावून पाहावा: पान उघडतंय का, ऑर्डर जातेय का, पैसे भरले जातायत का. वेळ गिऱ्हाइकाच्या सोयीने निवडावी. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या सकाळी, ऑर्डरींचा ओघ चालू असताना पॅच लावू नये. रात्री दोनला लावावा. मात्र हत्यार बाहेर फिरत असेल तर रात्रीचीही वाट पाहू नये. पाच मिनिटांची आपण केलेली बंदी दुसऱ्याने केलेल्या पाच तासांच्या बंदीपेक्षा बरी.

पाचवं, पॅच लावणं. खरं सांगायचं तर हे सगळ्यात सोपं आहे. लिनक्सवर दोन आज्ञा: एक नव्या पॅकेजांची यादी आणते, दुसरी ती बसवते. मिनिटभरात काम होतं.

आणि सहावं, जे बहुतेक वेळा राहून जातं: सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करणं. नवी फाइल डिस्कवर आली म्हणजे नवा प्रोग्रॅम चालू झाला असं नव्हे. तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेला जुना प्रोग्रॅम मेमरीत तसाच चालत असतो, आणि दोषही त्याच्यासोबत चालत असतो. नवी कौलं अंगणात रचून ठेवली म्हणून गळती थांबत नाही. काही वितरणं पॅकेज बसवताना प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू करतात, काही करत नाहीत. त्यामुळे आधी सेटिंगची फाइल बिनचूक आहे का ते तपासून घ्यावं (अपाचीत त्यासाठी वेगळी आज्ञा आहे), मग प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा, आणि तो किती वाजल्यापासून चालू आहे ते डोळ्यांनी पाहावं. पॅचच्या वेळेनंतरची वेळ दिसली तरच काम झालं.

शेवटी पडताळा. आपल्याच सर्व्हरला, आपल्याच घरून, एकमेकांवर चढलेले दहाबारा तुकडे मागणारी एक मागणी पाठवावी. तुकड्यांची बेरीज फाइलपेक्षा मोठी ठेवावी. उत्तरावर २०० आलं आणि पूर्ण फाइल मिळाली तर नवा नियम लागू झाला. मग बोगद्यातल्या गिऱ्हाइकासारखा एकच साधा तुकडा मागावा. तिथे २०६ यायलाच हवं. दोष गेला आणि सोय राहिली, हे दोन्ही पाहिल्याशिवाय उठू नये.

हा पडताळा फक्त आपल्या सर्व्हरवर करायचा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ‘बघू तरी’ म्हणून केला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं. हक्काच्या माणसाला अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने संगणकापर्यंत पोहोचू न देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तीन मापं

रेंजचा दोष संख्येचा होता: किती तुकडे, याला माप नव्हतं. बाकीचे दोष पाहिले की तिथेही कुठलं तरी माप राहून गेलेलं दिसतं.

२००९ मध्ये रॉबर्ट हॅन्सन यांनी ‘स्लोलॉरिस’ नावाची युक्ती दाखवली. त्यात मागणी पूर्ण केलीच जात नाही. खिडकीशी आलेला माणूस पैसे मोजत राहतो: एक नाणं, मग थांबतो, मग दुसरं नाणं. कारकून सभ्यपणे वाट पाहत राहतो. असे शेदोनशे जण आले की सगळ्या खिडक्या अडल्या, आणि कोणीही नियम मोडलेला नाही. इथे वेळेला माप नव्हतं. अपाचीने पुढे एक जोड दिली: अमुक सेकंदांत मागणी पूर्ण आली नाही तर खिडकी बंद.

२०२३ मध्ये आलेला ‘रॅपिड रिसेट’ हा दोष वेगाचा. एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवर मागण्या पाठवण्याच्या नियमांच्या, दुसऱ्या आवृत्तीत एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकदम पाठवता येतात, आणि एका वेळी किती चालू असाव्यात याला मर्यादा असते. पण मागणी पाठवून लगेच रद्द केली तर ती मोजणीतून वजा व्हायची, आत तिचं काम सुरू झालेलं असलं तरी. टोकन घ्यायचं, टाकायचं, पुन्हा घ्यायचं. मर्यादा कधी भरायचीच नाही. त्या ऑगस्टपासून झालेल्या हल्ल्यांत गूगलला एका सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्यांपर्यंत मारा सोसावा लागला.

या दोषाच्या वेळी एक गोष्ट २०११ पेक्षा वेगळी झाली. दोष ज्यांनी पाहिला त्यांनी सर्व्हर बनवणाऱ्यांना आधी गुपचूप कळवलं, आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी दोषाची बातमी व अनेकांच्या दुरुस्त्या बरोबरच बाहेर आल्या. २०११ मध्ये हत्यार आधी आणि कौल दहा दिवसांनी, असा क्रम होता. बारा वर्षांत धंद्याने एवढं शहाणपण कमावलं.

पॅच कुठे पुरत नाही

जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांवर मारा झाला आणि शहरात अनेकांचं नेट रखडलं. प्रकरण पोलिसांत गेलं, गुन्हा दाखल झाला. मारा सेकंदाला २०० गिगाबिटचा होता, असं तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक ब्रिजेश सिंह यांनी सांगितलं. असल्या पुरापुढे पॅच चालत नाही. नदीच घरात शिरली तर कौल नवं असून काय करणार? तिथे पाणी वरच्या अंगाला, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीकडे किंवा मोठ्या गाळणी-सेवेकडेच अडवावं लागतं.

म्हणून साइट रखडली की आधी लॉग पाहावा, सर्व्हरची रोजकीर्द. लाखो मागण्या हजारो ठिकाणांहून येत असतील तर पूर आहे. सेवा देणाऱ्याला फोन करावा. मागण्या मोजक्याच आणि मेमरी मात्र फुगलेली, तर कौल सरकलं आहे; पॅच शोधावा. हे लॉग जपून ठेवणं आता कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना बंधनकारकही आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सेवा अडवणाऱ्या हल्ल्यासारखा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. नव्या दोषांच्या सूचनाही हीच संस्था काढते. त्या वाचायला पैसे पडत नाहीत.

एक शेवटची गोष्ट जुन्या घरांची. अपाचीच्या २.२ या मालिकेची शेवटची आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. त्यानंतर तिला दुरुस्त्या मिळत नाहीत. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ म्हणून असलं जुनं सॉफ्टवेअर ज्यांनी ठेवलंय, त्यांच्या घराला मिळणारी कौलंच बाजारातून गेली आहेत. तिथे शाकारणी पुरायची नाही, नवं छप्पर घालावं लागेल.

आंब्याचा हंगाम मे अखेरीला आटोपतो. ऑर्डरी थांबतात, साइटवर दिवसाला पाचपन्नास माणसं येतात. घर शाकारायचे दिवस तेच असतात. या वर्षी गडी कौलांवर चढला की खाली बसून सर्व्हरची यादी काढा, आवृत्त्या ताडा, पॅच लावा, प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा, आणि तारीख वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्या तारखेपासून सुरुवात करता येईल.